ट्रेनिंग घ्यायचंय? आधी दोन दिवस नुसतं बघा : खान्देशात प्रशिक्षण आखणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या प्रशिक्षणानंतर एका कामगारानं अभिप्रायाच्या कागदावर एकच ओळ लिहिली होती : 'हॉलमधला पंखा चांगला होता.'

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला पाइपचा कारखाना. रात्रपाळी संपवून आलेले तीसेक जण, सकाळचे साडेसात, आणि मी सुरक्षेच्या ६४ स्लाइड घेऊन उभी. बी.एड. करून दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं होतं, त्यामुळे आपल्याला शिकवता येतं हा माझा ठाम समज. चाळिसाव्या स्लाइडच्या आसपास पहिल्या रांगेतले एक काका घोरायला लागले. त्यांना उठवायची माझी हिंमत झाली नाही. बिचारे बारा तास उभे होते.

त्यानंतर केळीचं पॅकहाऊस (केळी धुऊन पेट्यांत भरण्याची जागा), बचत गट, शिक्षकांची प्रशिक्षणं, शेतीशाळा असं बरंच फिरणं झालं. आता या कामात नव्यानं उतरणारी मुलंमुली फोन करतात, 'ताई, मॉड्यूलचा नमुना आहे का? पीपीटी पाठवा ना.' नमुना मी पाठवत नाही, कारण माझ्या पॅकहाऊसची पीपीटी तुमच्या डाळ मिलला चालणार नाही. त्याऐवजी हे लिहून ठेवते.

नोकरीच्या जाहिरातीत तुम्हाला 'ॲडी' हा शब्द दिसेल. घाबरू नका. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन या पाच टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ते नाव आहे. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत तिथल्या सैन्यासाठी ही पद्धत बांधली गेली. मुलाखतीत विचारलं तर एवढं सांगा. प्रत्यक्षात पहिला टप्पा सगळेच घाईघाईनं उरकतात आणि पुढचे चारही तिथेच फसतात.

१. प्रशिक्षण लागतंय का, हे आधी ठरवा

बोलावणारा माणूस नेहमी उत्तर घेऊन येतो : 'आमच्या लोकांना ट्रेनिंग द्या.' तुम्ही प्रश्न शोधायचा.

एका ठिकाणी मॅनेजर म्हणाले, पोरं हातमोजे घालत नाहीत, सेफ्टीचं ट्रेनिंग घ्या. मी स्टोअरमध्ये जाऊन मोजे मागितले. एकच माप, तेही मोठं. फाटले तर नव्या जोडीसाठी सुपरवायझरची सही लागायची, आणि सुपरवायझर यायचे दहाला. पाळी सुरू व्हायची सातला. तीन तास उघड्या हातानं काम करणाऱ्याला मी कोणती जागरूकता शिकवणार होते? दोन मापांचे मोजे मागवले गेले, सहीची अट गेली, आणि ट्रेनिंगची गरजच उरली नाही. माझी फीही गेली, हे वेगळं. पण त्याच मॅनेजरनी पुढं मला चार कामं दिली.

म्हणून तीन गोष्टी विचारा. हे काम या माणसाला पूर्वी कधी नीट जमलं होतं का? त्यासाठी लागणारं सामान हाताशी आहे का? नीट केलं तर त्याला काय मिळतं, नाही केलं तर काय होतं? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल, तर शिकवायला जाण्याआधी बाकीची दोन नीट तपासा.

२. दोन दिवस नुसतं बघा

या पायरीवर कुणी पैसे द्यायला तयार नसतं, तरी ती सोडू नका.

रावेर-यावल पट्ट्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये निर्यातीच्या केळीच्या पेट्या परत येत होत्या. सालीवर काळे डाग. कंपनीच्या कार्यपद्धतीच्या कागदावर लिहिलेलं होतं : 'फणी पाण्यात धुवावी.' तीन शब्द. मी टाकीशेजारी स्टुलावर बसले आणि एका जुन्या ताईंचे हात बघत राहिले.

घड टांगलेला. वाकड्या सुरीनं फणी सुटते, तेव्हा कापलेल्या जागेतून चीक ओघळतो. ताई फणी हातात आली की क्षणभर कापलेली बाजू खाली धरायच्या, चीक दुसऱ्या केळावर पडू द्यायच्या नाहीत. मग पाण्यात. पाण्यातही एकावर एक रचत नव्हत्या. बाहेर काढताना दांड्याला धरायच्या, केळाला बोट लावायच्या नाहीत. वजनकाट्यावर १३ किलोची पेटी भरताना कोणती फणी कुठं बसेल हे त्यांचा हातच ठरवायचा. त्यांच्या शेजारी आठवड्यापूर्वी आलेली मुलगी तेवढ्याच वेगानं काम करत होती, पण कापलेली बाजू वर. चीक सरळ खालच्या केळांवर.

ताईंना विचारलं, तुम्ही फणी उलटी का धरता? त्या म्हणाल्या, 'मी कुठं उलटी धरते?' त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. तरबेज माणसाचं ज्ञान हातात गेलेलं असतं, तोंडातून ते येत नाही. मुलाखत घेऊन बनवलेलं मॉड्यूल म्हणूनच अर्धं असतं. बघा, मोबाइलवर चित्रीकरण करा (परवानगी घेऊन, आणि बायका काम करत असतील तर प्रत्येकीला विचारून), मग तेच चित्रीकरण त्या माणसाला दाखवून विचारा, इथं काय केलंत?

नोंदी तीन रकान्यांत ठेवा : काय करतो, कसं करतो, तसंच का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर अजून एक दिवस बसा.

३. उद्दिष्ट लिहा, पण डोळ्यांना दिसेल असं

'शेतकऱ्यांमध्ये गुलाबी बोंडअळीविषयी जाणीवजागृती होईल.' असं वाक्य प्रस्तावात छान दिसतं. पण जाणीव झाली की नाही हे बांधावर उभं राहून कसं बघणार?

त्याऐवजी असं लिहा : 'शेतकरी स्वतःच्या कपाशीतली २० झाडं फिरून २० हिरवी बोंडं तोडेल, फोडेल आणि त्यातल्या किती बोंडांत जिवंत अळी आहे ते मोजून फवारणीचा निर्णय सांगेल.' २० पैकी २ बोंडांत अळी म्हणजे १० टक्के, आणि तीच आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथून फवारणी करणं परवडतं ती. कामगंध सापळ्याचंही (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) तसंच : सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग. आकडा आला की शिकवायचं काय आणि तपासायचं काय, दोन्ही आपोआप ठरतं.

१९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या पायऱ्यांची मांडणी केली, २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली : आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्माण करणे. शिक्षकांना ती पाठ असते. तुमच्या कामासाठी तिचा उपयोग एवढाच, की उद्दिष्टाचं क्रियापद कोणत्या पायरीवर बसतं ते बघायचं. कारखान्यात आणि शेतात 'वापरणे'च्या खाली थांबलात तर पुन्हा पंख्याचाच अभिप्राय येईल.

एका दिवसाला तीन उद्दिष्टं. चौथं लिहायचा मोह होईल. नका लिहू.

४. आशयाआधी चाचणी

उद्दिष्ट झालं की लगेच ठरवा, शेवटी काय करून घेणार. पॅकहाऊसमध्ये आमची चाचणी होती : दहा फण्या, एक टाकी, एक पेटी, शेजारी निरीक्षणाचा तक्ता. मग मागं या आणि एवढं जमायला जे लागतं तेवढंच शिकवा. माझ्या ६४ स्लाइडपैकी या चाळणीतून नऊ राहिल्या असत्या.

५. दिवस, वेळ आणि भाषा

इथं बाहेरून येणारे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून सविस्तर.

*दिवस.* पंचांग आणि पीक दोन्ही बघा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी येतात, त्या आठवड्यात बचत गटाची बैठक लावली तर तुम्ही आणि सीआरपी (गटांचं काम बघणारी गावातली ताई) दोघीच असाल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खान्देशातली घरोघरची देवी) बसते, तिच्या आगेमागे दोन दिवस सोडा. अक्कलकुवा-धडगावकडं होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार (आदिवासींचे होळीचे मोठे बाजार) असतात, तेव्हा गाव जागेवर सापडत नाही. शहादा तालुक्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. कपाशीची वेचणी सुरू असेल तेव्हा बाईमाणसाचा दिवस मागणं म्हणजे तिची मजुरी मागणं. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात, त्यांच्यासाठीचं प्रशिक्षण डिसेंबरात ठेवून 'प्रतिसाद अल्प' असं लिहिणारे अहवाल मी वाचलेत. केळीची लागवड मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर) आणि कांदेबाग (पावसाळा सरताना) अशी दोनदा येते, ठिबकचं आणि खताचं शिकवायचं तर लागवडीच्या तोंडावर शिकवा, सहा महिने आधी नाही. आणि गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो, एवढं तरी विचाराच.

*वेळ.* मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो. पत्र्याच्या सभागृहात दुपारी दोनला व्याख्यान ठेवणं हा गुन्हा समजावा. उन्हाळ्यात सकाळी सात ते साडेदहा. हिवाळ्यात अडचण वेगळी : यजमान प्रेमानं भरीत-पुरीचं जेवण ठेवतात. त्यानंतर कुणीही काहीही शिकत नाही, मीसुद्धा नाही. जेवणानंतरचं सत्र हाताच्या कामाचंच ठेवा.

*भाषा.* 'सगळ्यांना मराठी येते' यावर विसंबू नका. धुळे, अमळनेर, चाळीसगाव या बाजूला अहिराणी, रावेर-यावलकडं लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी, नवापूरकडं मावची. प्रमाण मराठी लोकांना कळते, पण त्या भाषेत ते प्रश्न विचारत नाहीत. मी भडगावकडची, त्यामुळे अहिराणी घरची. 'आपणांस काही शंका?' म्हटलं की खोली गप्प. 'समजनं का?' म्हटलं की निदान हसतात. पावरी मला येत नाही, तिथं मी गावातली एक शिकलेली मुलगी जोडीला घेते आणि तिला आदल्या दिवशी पूर्ण सत्र करून दाखवते. तिला ऐनवेळी भाषांतराला उभं केलंत तर ती तुमच्या दहा वाक्यांचं एक करेल. तिचं मानधन बजेटमध्ये वेगळं धरा.

६. सत्र : दाखवा, बोला, करून घ्या, सोडा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवशिक्यांची भरती झाली, तेव्हा तिथल्या मुकादमांना शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत दिली गेली : शिकणाऱ्याची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग मागं या पण लक्ष ठेवा. ऐंशी वर्षं झाली, पॅकहाऊसमध्ये अजून तीच चालते.

आमच्या सत्राचा क्रम असा होता. पहिल्यांदा ताईंनी न बोलता, नेहमीच्या वेगानं एक फणी केली. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक पायरीला नाव देत. तिसऱ्यांदा 'का' सांगत : 'कापलेली बाजू खाली, चीक केळावर पडू नये म्हणून.' मग नवीन मुलीनं केलं, आणि करताना तिनं बोलायचं. तिचं बोलणं महत्त्वाचं. हात बरोबर चालला आणि कारण चुकीचं सांगितलं, तर उद्या घड वेगळा आला की हातही चुकेल.

एका गटात सहा ते आठ जण, प्रत्येकाच्या हातात वस्तू. चाळीस जणांसमोर एक फणी म्हणजे प्रात्यक्षिक नव्हे, तमाशा.

सापळा : 'समजलं का?' हा प्रश्न. त्याचं उत्तर खान्देशात एकच, 'हा.' पाहुण्या बाईचा मान राखायचा असतो. त्याऐवजी म्हणा, 'आते करी दखाडा' (आता करून दाखवा). कुणाला चारचौघांत चुकायची लाज वाटत असेल, विशेषतः वयानं मोठ्या माणसांना, तर दोघादोघांच्या जोड्या लावा आणि तुम्ही लांब राहा.

७. साहित्य आणि पिशवी

पीपीटी शेवटी बनवा, आणि वीज गेली तरी सत्र चालेल अशी बनवा. वीज जाणारच. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त टिकतो तो कामाच्या जागी चिकटवलेला एकपानी तक्ता : पाच-सहा फोटो, प्रत्येकाखाली दोन-तीन शब्द, लॅमिनेट केलेला. फोटो त्यांच्याच जागेचे, त्यांच्याच हातांचे. इंटरनेटवरच्या चकचकीत गोऱ्या हातांकडं कुणी बघत नाही. टाकीशेजारी लावणार असाल तर कडा नीट सील झाल्यात का ते बघा, पहिला तक्ता आमचा आठ दिवसांत ओला होऊन लोंबायला लागला.

पिशवीत : एक्स्टेंशन बोर्ड (लांब वायरचा), जाड मार्कर, चार्ट पेपर, डबल टेप, कात्री, छोटा चार्जिंगचा स्पीकर, कोरे कागद, ओआरएसची पाकिटं, आणि सत्र आराखड्याची कागदावरची प्रत.

कागदपत्रं : बोलावल्याचं पत्र किंवा मेल, हजेरीपत्रक, फोटो-चित्रीकरणाची संमती, निरीक्षण तक्ते, अभिप्रायाचा नमुना. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी अभिप्राय तोंडी घ्या, अंगठ्याच्या ठशापुढं 'उत्तम'वर टिक करून मोकळे होऊ नका.

८. शिक्षकांसमोर जाताना

हे वेगळं लिहिते, कारण शिक्षकांना शिकवणं सर्वांत अवघड आणि मी स्वतः त्या जातीतली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत, त्यामुळे प्रशिक्षणं वाढली आहेत आणि कंटाळाही. समोर बसलेल्या सरांनी तुमच्यापेक्षा जास्त प्रशिक्षणं पाहिलेली असतात. त्यांच्या डोक्यात शालेय पोषण आहाराचे आकडे, ऑनलाइन माहिती भरण्याची मुदत आणि परतीची एसटी असते.

इथला मोठा सापळा साखळीचा. राज्यावर शिकलेले जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. वरून पाच दिवसांचं निघालेलं प्रशिक्षण केंद्रावर येईतो दोन दिवसांचं होतं, आणि गळतं काय तर नेमका सराव, भाषणं टिकतात. तुम्हाला साखळीतल्या मधल्या कडीचं काम मिळालं, तर साधनव्यक्तींना (पुढं शिकवणार असलेल्यांना) आशय पुन्हा समजावत बसू नका. त्यांच्याकडून प्रत्येकी वीस मिनिटांचं सत्र घेऊन बघा. कोणता सराव काहीही झालं तरी कापायचा नाही, ते आराखड्यात ठळक चौकटीत लिहा.

आणि वर्गातल्या मुलांच्या वह्या आणायला सांगा. दुसरीच्या खऱ्या मुलानं केलेली हातच्याची खरी चूक पुढ्यात आली की सर-मॅडम आपोआप बोलायला लागतात.

९. उपयोग झाला का?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले : आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, आणि त्यानं फरक पडला का. बहुतेक अहवाल पहिल्यावरच संपतात. तिसऱ्यासाठी तुम्हाला परत जावं लागतं.

तीन आठवड्यांनी जा, न सांगता नाही पण गाजावाजाही न करता. सत्राच्या दिवशी वापरलेलाच निरीक्षण तक्ता घेऊन जा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासां-दिवसांतच झपाट्यानं विसरतं, आणि मधे मधे उजळणी केली तर टिकतं. म्हणून दोन दिवसांचं सलग प्रशिक्षण मागितलं तर एक दिवस आणि दोन अर्ध्या दिवसांच्या भेटी असा प्रस्ताव द्या. खर्च जवळपास तोच.

पॅकहाऊसमध्ये परत गेले तेव्हा कापलेली बाजू खाली धरणाऱ्या बऱ्याच झाल्या होत्या. पण थोड्या पेट्या परत येतच होत्या. पुन्हा बसले. या वेळी कारण टाकीचं पाणी निघालं : दुपारपर्यंत ते चिकानं गढूळ व्हायचं आणि बदलायला पंप मोकळा नसायचा. ते शिकवण्याचं काम नव्हतं. मालकांना सांगितलं.

१०. बिल

फी आधी लिहून घ्या, आणि त्यात बघण्याचे दोन दिवस आणि परत येण्याची भेट वेगवेगळ्या ओळींत दाखवा. एकत्र लिहिलं की घासाघीस करताना नेमक्या त्याच कापतात. बिलासोबत पॅन आणि रद्द केलेला धनादेश जोडा. टीडीएस कापला असेल तर प्रमाणपत्र मागून घ्या. संस्थांचे पैसे बऱ्याचदा मार्च अखेरीच्या गर्दीत निघतात, तोवर घरखर्चाची सोय दुसरीकडून ठेवा.

हजेरीपत्रकाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. माझी मूळ प्रत एका कार्यालयातून दोनदा हरवली, आणि दोन्ही वेळा 'मॅडम, हजेरी नाही तर बिल कसं काढू?' हे मलाच विचारलं गेलं.